जाहिरातीला पैसे नाहीत? मग गिऱ्हाइकांनाच विचारा की!

१९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' आला. स्मिता पाटील, गिरीश कर्नाड, नसीरुद्दीन शाह अशी एकाहून एक मंडळी आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. पण या सिनेमाचा निर्माता कुणी शेठ नव्हता. गुजरातमधल्या दूध संघांच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपयांत सिनेमा उभा राहिला.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. सिनेमा लागल्यावर हेच शेतकरी गावोगावहून ट्रक भरभरून तो बघायला आले. आपले दोन रुपये ज्यात गेलेत तो सिनेमा बघायचा नाही, तर मग कुठला बघायचा?

म्हणजे त्या दोन रुपयांनी दोन कामं केली. पैसा उभा केला आणि प्रेक्षकही आधीच तयार ठेवला. तुम्ही इन्स्टाग्रामवर चटण्या, साड्या किंवा हातानं बनवलेले दागिने विकत असाल, तर यातलं दुसरं काम तुमच्या जास्त उपयोगाचं आहे.

याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे क्राउडसोर्सिंग. २००६ साली 'वायर्ड' मासिकात जेफ हाऊ या पत्रकारानं तो रूढ केला. जे काम एरवी आपण एखाद्या माणसाला किंवा एजन्सीला देऊ, ते उघड आवाहन करून लोकांपुढे ठेवायचं, इतकाच त्याचा अर्थ.

शिकागोची टी-शर्टवाली पोरं

या प्रकाराचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली 'थ्रेडलेस'. सन २०००. जेक निकेल आणि जेकब डीहार्ट ही दोन पोरं डिझायनर मंडळींच्या एका ऑनलाइन कट्ट्यावर भेटली आणि हजार डॉलर घालून टी-शर्टचा धंदा सुरू केला. टी-शर्टवरचं चित्र ते स्वतः काढत नव्हते. कुणीही डिझाइन पाठवायचं, साइटवर येणाऱ्या लोकांनी त्याला शून्य ते पाच गुण द्यायचे आणि ज्यांना चांगले गुण मिळतील त्यातली निवडक डिझाइन छापायची. सुरुवातीला जिंकणाऱ्याला फक्त फुकट टी-शर्ट मिळायचे, पुढे रोख बक्षीस आलं.

आता यात मार्केटिंग कुठे आहे? तर डिझाइन पाठवणारा गप्प बसत नाही. तो मित्रांना, भावंडांना, कॉलेजच्या ग्रुपला सांगतो, 'बाबांनो, मत द्या.' मत द्यायला आलेला माणूस चार इतर टी-शर्टही बघतो. एका डिझाइनमागे पन्नास माणसं आली असं धरा आणि अशी शंभर डिझाइन आली असं धरा. हिशोब तुम्हीच करा. ही जाहिरात कंपनी करत नव्हती, तिच्यासाठी दुसरेच करत होते, आणि तेही मनापासून, कारण त्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं.

माझ्या मते याहून मोठा फायदा दुसराच होता, फक्त तो दिसत नाही. कुठला टी-शर्ट लोकांना हवाय, हे छापण्याआधीच कळत होतं. छोट्या धंद्याला अनेकदा जाहिरातीच्या अभावापेक्षा घरात पडून राहिलेला माल जास्त बुडवतो. पलंगाखाली साठवलेल्या कुर्त्यांच्या गठ्ठ्यांकडे बघून ज्यांनी सुस्कारे टाकलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्या चटणीचं काय?

समजा, तुम्ही सांगलीत बसून चटण्या विकताय आणि तुमचे बाराशे फॉलोअर आहेत. 'आम्ही नवीन काय आणू?' असं विचारलंत तर उत्तरं येणार नाहीत, आली तर 'पिझ्झा' अशी येतील. प्रश्न अरुंद करा. 'जवसाची की कारळ्याची?' असा. स्टोरीत पोल टाकायला अर्धा मिनिट लागतं आणि उत्तर द्यायला एक बोट.

पण पोलवर फार विसंबू नका. मत देणं फुकट असतं, चटणी फुकट नसते. दोनशे जणांनी कारळ्याला मत दिलं म्हणून दोनशे डबे भरून ठेवलेत, तर फसाल. पोल झाला की लगेच आगाऊ नोंदणी उघडा, थोडी रक्कम घ्या, आणि जितके पैसे आले तितकंच कुटा. पोलचा खरा उपयोग पुढे होतो. ज्यांनी मत दिलं त्यांची यादी तुम्हाला स्टोरीत दिसते. ती स्टोरी संपल्यावर काही काळ तुमच्याच आर्काइव्हमधून बघता येते, तेवढ्यात ती उतरवून घ्या. माल तयार झाल्यावर त्यांना 'तुम्ही निवडलेली चटणी झाली बरं का' एवढंच कळवा. अनोळखी माणसाला पाठवलेल्या जाहिरातीपेक्षा हा निरोप फार वेगळा वाचला जातो.

याच्या पुढची पायरी पाककृतीची. 'तुमच्या आजीची चटणी पाठवा, निवडलेलीच्या पाकिटावर आजीचं नाव छापू.' नाव छापायला परवानगी घ्या, अर्थात. ते पाकीट त्या घरातले लोक किती जणांना दाखवतील, याचा अंदाज कुठल्याही जाहिरातवाल्याला लावता येणार नाही. मात्र कृती कुणाचीही असली तरी पाकिटावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक तुमचा असतो. काही बिघडलं तर जबाबदार तुम्हीच, आजी नव्हे.

गिऱ्हाइकांचे फोटो आणि अभिप्राय वापरतानाही हेच. फोटो काढणाऱ्याला विचारा, 'हो' म्हटलेला मेसेज जपून ठेवा. फुकट माल देऊन कुणाकडून कौतुक करून घेतलं असेल, तर पोस्टमध्ये तसं स्पष्ट दिसलं पाहिजे. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या संस्थेची २०२१ पासूनची तशी नियमावली आहे. आणि कुणी 'तुमच्या जवसाच्या चटणीनं माझी शुगर उतरली' असं लिहिलं, तर मनात खूश व्हा, पण ते शेअर करू नका. शेअर केलंत की तो दावा तुमचा झाला.

इन्स्टाग्रामवर स्पर्धा घेणाऱ्यांसाठी आणखी एक. फोटोत नसलेल्या लोकांना फोटोत टॅग करायला लावणं तिथल्या नियमांत बसत नाही. शिवाय या स्पर्धेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही, हे लिहावं लागतं. हे वाचायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

लोकांच्या हाती सगळंच दिलं तर?

२०१६ साली ब्रिटनमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेनं आपल्या नव्या जहाजाचं नाव लोकांकडून मागवलं. इंटरनेटवरच्या टवाळखोरांनी 'बोटी मॅकबोटफेस' हे नाव पहिलं आणलं. आपल्याकडे जहाजाला 'जहाजराव जहाजे' म्हणण्यातला प्रकार! संस्थेनं शेवटी जहाजाला सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं आणि समजूत म्हणून त्यावरच्या एका छोट्या पाणबुडी यंत्राला 'बोटी' म्हटलं. पुष्कळ लोकांना हे फसवणुकीसारखं वाटलं, कारण विचारलं तर आम्हाला होतं.

याउलट आपलं रुपयाचं चिन्ह. २००९ मध्ये सरकारनं खुली स्पर्धा ठेवली, तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या, परीक्षकांनी पाच निवडल्या आणि २०१० मध्ये मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचं चिन्ह ठरलं. सूचना सगळ्यांच्या, पण निवड परीक्षकांची, हे आधीच जाहीर होतं. तुम्हीही तीन पर्याय स्वतः निवडा आणि त्यातच मतदान घ्या.

लोगोची स्पर्धा घेणार असाल तर जरा थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच तुमच्याकडे येतात. कागदावर मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरते धरले जातात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. उद्या तुमची चटणी दुबईला निघाली की हा कागद आठवेल. त्यामुळे बक्षीस देतानाच मुदत, प्रदेश लिहून सही घ्या.

आणि समजा ८० जणांनी लोगो पाठवले, बक्षीस एकाला. उरलेल्या ७९ जणांनी तुमच्यासाठी दोन-दोन संध्याकाळी फुकट घालवल्यात. त्यांना साधं उत्तरही गेलं नाही, तर तुम्ही ७९ नाराज माणसं स्वतःच्या हातानं तयार केली, आणि तीही मोबाइल हातात असलेली. म्हणून स्पर्धा जाहीर करण्याआधीच या ७९ जणांना काय द्यायचं ते ठरवा. प्रत्येकाला नाव घेऊन लिहिलेला आभाराचा मेसेज आणि पहिल्या खरेदीवर थोडी सूट, एवढं तर कुठल्याही घरगुती धंद्याला झेपतं.