विश्लेषण : गावाच्या जंगलाचा नकाशा मोबाइलवर कसा तयार होतो?

गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे जंगलाचे तालुके. मोहफूल, तेंदूपाने आणि बांबूवर येथील अनेक कुटुंबांची कमाई चालते. वनहक्क कायद्यानुसार हे जंगल राखण्याचा व वापरण्याचा सामूहिक हक्क ग्रामसभेला मिळतो. पण तो हक्क नेमका कुठपर्यंत, हे नकाशावरून ठरते. हा नकाशा कमी खर्चात गावातच कसा करता येतो, याविषयी...

कायदा काय सांगतो?

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. त्यांत २०१२ मध्ये सुधारणा झाली. दाव्याची पडताळणी करून ठळक खुणांसह नकाशा तयार करण्याचे काम ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीचे असते. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. तो मिळवणाऱ्या देशातील सुरुवातीच्या गावांत त्याची गणना होते.

मोबाइल पुरेसा आहे का?

बहुतेक वेळा हो. जीपीएसचे संकेत थेट उपग्रहाकडून येतात, त्यामुळे रेंज नसली तरी ते चालते. उघड्या आकाशाखाली चूक साधारण ५ मीटरची असते. दाट झाडीत ती वाढते. एक किलोमीटर सीमेवर सलग ५ मीटरची चूक म्हणजे अर्धा हेक्टर जमीन. म्हणून पानगळीनंतर, उन्हाळ्यात सीमा चालणे सोयीचे. प्रत्येक वळणावर थांबून नोंद घ्यावी.

खर्च किती?

सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. चाललेला मार्ग ‘गुगल अर्थ’वर पाहता येतो. ‘क्यूजीआयएस’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ काढून नकाशा छापता येतो. इस्रोच्या ‘भुवन’वर उपग्रह चित्रे मिळतात. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज राहिलेली नाही.

सर्वांनी मिळून काम कसे करावे?

एक सामायिक तक्ता ठेवावा : बिंदू क्रमांक, जागेचे स्थानिक नाव, तारीख आणि सोबत कोण होते. नाला, बोडी, देवस्थान यांची नावे ज्येष्ठांकडून आणि जंगलात रोज जाणाऱ्या महिलांकडून घ्यावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा; साध्या फोटोतून ठिकाणाची माहिती निघून जाते.

शेजारच्या गावाने हरकत घेतली तर?

दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी द्यायचे असतात. ग्रामसभांना तोडगा काढता आला नाही, तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. म्हणूनच सीमा चालतानाच शेजारच्या गावाला सोबत घेतलेले बरे. उपग्रह चित्र हा पूरक पुरावा आहे. निस्तार पत्रक किंवा ज्येष्ठांचा जबाब यांची जागा ते घेऊ शकत नाही, असे नियमच सांगतात.

घोडे कुठे अडते?

फाइल कोणाकडे आहे, या प्रश्नावर. नकाशा गावातल्या एखाद्या तरुणाच्या किंवा संस्थेच्या कार्यकर्त्याच्या खात्यात असतो. तो नोकरीसाठी बाहेर गेला, फोन बदलला, पासवर्ड विसरला, की सगळी मेहनत हातची जाते. त्यामुळे खाते ग्रामसभेचेच असावे, पासवर्ड किमान दोघांकडे असावा आणि सह्यांसह छापील प्रत ग्रामसभेच्या दप्तरात असावी. पुढे बांबू तोडीवरून वाद झाला, तर गावाला हाच कागद दाखवावा लागणार आहे.