गाडीचा सातबारा

पिरंगुटहून मुठा गावाकडे वळलं की रविवारी सकाळी टेमघर आणि पुढे लवासाच्या घाटाकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते. त्यात एखादी ठेंगणी, उघडी जीप दिसते. बॉनेटवर नाव विलीजचं, कागदावर महिंद्राचं. ही नकली म्हणायची का? महिंद्रा कंपनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून विलीजच्याच जीपा परवाना घेऊन जोडत होती, म्हणजे नातं खरं आहे. फक्त नावाची पट्टी उसनी.

गाडीची ओळख कशात असते हे मुळशीच्या माणसाला पटकन समजेल. जमिनीला गट नंबर, तसा गाडीला चेसिस नंबर. भातखाचर जाऊन बंगला उभा राहिला तरी गट नंबर तोच. गाडीचंही इंजिन बदलतं, पत्रा बदलतो. सांगाड्यावर ठोकलेला आकडा आरसीतल्या आकड्याशी जुळला की गाडी तीच.

पण नंबर आहे आणि गाडी कधी झालीच नाही, तर? जग्वारने १९६३ साली शर्यतीसाठी ॲल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइप बांधायचं ठरवलं आणि १८ नंबर राखले. गाड्या झाल्या १२. २००८मध्ये टाटा मोटर्सने जग्वार घेतली आणि २०१४मध्ये, म्हणजे टाटांच्याच मालकीत, जग्वारने उरलेल्या सहा नंबरांवर सहा गाड्या जुन्याच पद्धतीने बांधायला घेतल्या. याला कंटिन्युएशन म्हणतात. रेप्लिका वेगळी: ती कुणीही तिऱ्हाईत बनवतो, बहुधा फायबरची बॉडी आणि मिळेल ते इंजिन घालून. मूळ घराण्याच्या वहीत तिची नोंद नसते.

जग्वारच्याच एक्सकेएसएस या गाडीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि नऊ गाड्या गेल्या. २०१६मध्ये कंपनीने त्या नऊंच्या जागी नऊ नव्या करायचं जाहीर केलं. मला ई-टाइपचा दावा जास्त पटतो. तिथे नंबर गाडीची वाट पाहत होता. इथे गाडी होऊन, जळून गेली होती. अर्थात श्रीमंत संग्राहकांना असल्या शंका फारशा छळत नसाव्यात!

आपल्याकडचा कायदा मात्र असल्या वादात पडत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज ठरायला पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली हवीत, गाडी मूळ रूपात हवी, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. मग ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नंबर १९६३चा असला तरी २०१४च्या ई-टाइपची पन्नास वर्षं पहिल्या नोंदणीपासूनच मोजली जाणार. आणि मुठ्याच्या रस्त्यावरच्या त्या जीपचं वय भरलं, पण मधल्या काळात कुणी घाट चढायला बरं म्हणून दुसरंच डिझेल इंजिन बसवलेलं असलं, तर तीही बाद.