हार्ड डिस्क काढा, घरी न्या
धंदा आणि संगणक : लेखांक ६

पासवर्ड, ओटीपी, अपडेट हे सगळं आपण मागच्या लेखांकांत पाहिलं. एवढी काळजी घेऊनही एखाद्या सकाळी टॅली उघडेनाशी झाली आणि पडद्यावर पैशांची मागणी झळकली, तर धंदा वाचवणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे बॅकअप. ‘आमचा बॅकअप आहे की’ असं बहुतेक जण सांगतात. तो कुठे आहे, हे मात्र विचारावं लागतं.

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. तो पसरला ‘एम.ई.डॉक’च्या अपडेटमधून, म्हणजे तिथल्या हजारो व्यवसायांच्या रोजच्या वापरातल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. डेन्मार्कची मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी त्यात ठप्प झाली आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावाशेवाच्या टर्मिनलचं कामही कोलमडलं. कोणत्या कर्मचाऱ्याला कशात प्रवेश आहे, याच्या नोंदी मर्स्कच्या दीडशेच्या आसपास सर्व्हरवर होत्या. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची नक्कल ठेवायचा, त्यामुळे एक गेला तरी बाकीचे आहेतच, असं सगळ्यांनी धरलेलं होतं. पण सगळे एकमेकांना जोडलेले होते, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण नेमकी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कबाहेर होता. त्या एका प्रतीच्या आधारावर कंपनी पुन्हा उभी राहिली.

मर्स्कच्या बाबतीत जे योगायोगाने घडलं, ते आपण दर आठवड्याला ठरवून करायचं आहे.

आपल्या दुकानांत, वर्कशॉपांत नेहमी दिसतं ते असं : टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर आणि ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर. फार तर मागच्या यूएसबीला एक हार्ड डिस्क, तीही वर्षानुवर्षं तिथेच खोचलेली. फायली कुलूपबंद करून त्या सोडवायला पैसे मागणारं रॅन्समवेअर आत शिरलं की संगणकाला दिसणारा प्रत्येक ड्राइव्ह पालथा घालतं. डी ड्राइव्ह, ती हार्ड डिस्क, शेजारच्या संगणकावरचं शेअर केलेलं फोल्डर, काहीच सुटत नाही. विंडोज स्वतः ज्या जुन्या प्रती ठेवतं, त्याही बरेचदा आधीच पुसलेल्या असतात. गूगल ड्राइव्हवर आपोआप जाणाऱ्या फोल्डरचीही तीच गत. इथली फाइल बिघडली की बिघडलेली फाइलच वर जाते. जुनी आवृत्ती तिथे साधारण ३० दिवस मिळू शकते, पण हजारो फायली एकेक करून मागे नेणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच विचारावं.

जाणकार तीन-दोन-एक असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक जागेबाहेर. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने आपले फोटो जपण्यासाठी तो मांडला आणि पुढे सगळ्यांनीच उचलला. छोट्या धंद्याला याचा खर्च दोन हार्ड डिस्कचा. शनिवारी काउंटर बंद करताना एक डिस्क जोडा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या. एक्सेलमधली उधारी, कोटेशनं, डिझाइनच्या फायली हेही त्याच डिस्कवर, तारखेच्या फोल्डरमध्ये टाका. मग ‘इजेक्ट’ करून डिस्क काढा आणि घरी न्या. पुढच्या शनिवारी दुसरी. डिस्कला पासवर्डचं कुलूप असू द्या, कारण ती हरवली तर गिऱ्हाइकांची माहितीही तिच्यासोबत जाते.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून वर्षअखेरची एक प्रत वेगळी काढून ठेवा, तिच्यावर पुन्हा काही लिहू नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. बॅकअप घेतला, पण तो उघडतो का? तीन महिन्यांतून एकदा डिस्क अकाउंटंटकडच्या किंवा घरच्या दुसऱ्या संगणकाला लावून नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोर करा. चालू डेटाच्या फोल्डरमध्ये कधीच करू नका, नाहीतर आजच्या नोंदींवर जुन्या बसतील. शेवटच्या बिलाचा नंबर जुळतो का पाहा, एखाद्या मोठ्या पार्टीची बाकी ताडून पाहा. माझ्या मते हे न केलेला बॅकअप हिशेबात धरूच नये.

आणि हल्ला झालाच, तर घाईने बॅकअपची डिस्क त्या संगणकाला लावू नका. शेवटची चांगली प्रत याच घाईत जाते. आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. पडद्यावरच्या मजकुराचा मोबाइलने फोटो घ्या. १९३० वर फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही प्रकारच्या रॅन्समवेअरची किल्ली फुकट मिळते, तिथे आपल्या फायलीचा नमुना तपासून पाहा. पैसे भरण्याचा विचार मनात येईल. पण पैसे भरूनही फायली सुटतीलच याची हमी कुणीच देत नाही. संगणकावर विंडोज नव्याने टाकून झाल्यावरच डिस्क जोडायची, आणि त्याआधी दुसऱ्या स्वच्छ संगणकावर तिची एक प्रत काढून ठेवायची.

पुढच्या लेखांकात : घरून टॅली पाहता यावी म्हणून उघडं ठेवलेलं रिमोट डेस्कटॉप.