पेशीला दिशा कशी कळते?

म्हैसूरहून उटीला जाणाऱ्या रस्त्यावर मुदुमलैचे अरण्य लागते. तेथील मातीत डिक्टिओस्टेलियम वर्गातील अमीबा राहतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. खाण्यास जिवाणू मिळतात तोवर हे अमीबा एकेकटे जगतात. उपासमार सुरू झाली, की मात्र ते हजारोंनी एकत्र येतात आणि देठावर बीजाणूंचा पुंजका उभारतात. देठातील पेशी मरतात. बीजाणू तगून राहतात.

मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढ्या या पेशीला डोळे नाहीत, मेंदू नाही. मग तिला दिशा कळते कशी? उपाशी अमीबांना एकमेकांकडे ओढणारे द्रव्य म्हणजे चक्रीय एएमपी, हे 1967 साली दिसून आले. हे द्रव्य उगमापाशी दाट असते व दूर जावे तसे विरळ होते. या क्रमिक फरकास रासायनिक प्रवणता म्हणतात. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांना हे द्रव्य चिकटते. पेशीच्या दोन टोकांमध्ये त्याचा एक-दोन टक्के फरक असला तरी पुरतो. ज्या बाजूस द्रव्य अधिक, त्या बाजूस पेशी छद्मपाद पुढे टाकते व सरकते.

एव्हलिन केलर व ली सेगेल यांनी 1970 साली या एकत्रीकरणाचे गणिती प्रतिमान मांडले. त्यात एकेका पेशीचा हिशेब नाही. पेशींची घनता व द्रव्याचे प्रमाण यांच्यावर सारा भर आहे. योगायोगाने जेथे काही पेशी अधिक, तेथे द्रव्य अधिक. म्हणून तेथे आणखी पेशी येतात. ही ओढ विखुरण्याच्या प्रवृत्तीहून प्रबळ झाली, की समूह आकारास येतो. त्यासाठी कोणी नायक पेशी असावी लागत नाही, हे या प्रतिमानाचे मर्म होय.

नंजुंडय्या यांनी 1973 साली या विचाराचा शेवट कोठे होतो ते तपासले. निष्कर्ष असा, की अखेरीस पेशी एका बिंदूत गोळा होतात आणि तेथील घनता अनंत होते. प्रत्यक्षात हे अशक्य आहे. कारण पेशीला आकारमान असते व एका जागी दोन पेशी मावत नाहीत. परंतु म्हणून प्रतिमान टाकाऊ ठरत नाही. समूह का जमतो हे ते सांगते. तो कोठे थांबतो हे सांगण्यासाठी पेशीचे आकारमान हिशेबात घ्यावे लागते. आपण काय गाळले, हे जे दाखवून देते, ते प्रतिमान चुकूनही उपयोगी पडते.