झऱ्याशेजारची निळी टाकी

पश्चिम केनियात बुसियाच्या आसपासच्या खेड्यांत बायका झऱ्यावर पाणी भरायला येतात त्या वीस लिटरचा जेरीकॅन घेऊन. झऱ्याशेजारी खांबावर एक निळी प्लॅस्टिकची टाकी बसवलेली असते. जेरीकॅन तिच्या तोटीखाली धरायचा, चावी एकदा फिरवायची. मोजून ३ मिलिलिटर पातळ क्लोरीन आत पडते. मग त्यावर झऱ्याचे पाणी भरायचे आणि घरची वाट धरायची. वाटेत हिंदकळत क्लोरीन आपोआप मिसळते आणि अर्ध्या तासात पाणी पिण्याजोगे होते. या सगळ्यात जास्तीचे काम एवढेच, की चावी फिरवायची.

जगात पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुले दरवर्षी जुलाबाने दगावतात. त्यांच्यासाठी गेल्या वीस वर्षांत जे काही करून पाहिले गेले, त्यात ही निळी टाकी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण ती कुठे उभी आहे आणि तिच्यातल्या औषधाला किती पैसे पडतात, या दोनच गोष्टींवर सगळे अवलंबून आहे, हे तिने दाखवून दिले.

अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागात आधी झरेच बांधून काढले होते. उगमाभोवती काँक्रीट घातले, पाणी पाइपातून बाहेर काढले. झऱ्यावरच्या पाण्यातली घाण दोन-तृतीयांशाने घटली. घरातले पाणी तपासले तेव्हा मात्र घट फक्त पाव भरली. उगमापाशी स्वच्छ असलेले पाणी वाटेत, भांड्यात, मुलाने बुडवलेल्या पेल्याने पुन्हा नासत होते. क्लोरीनचा खरा गुण इथे कामी येतो. जंतू मारून झाल्यावरही थोडे क्लोरीन पाण्यात शिल्लक राहते आणि घरातल्या भांड्यातही राखण करते. गाळणी किंवा उकळणे ही राखण करत नाही.

मग क्लोरीनच्या बाटल्या विकायला ठेवल्या. महिनाभर पुरणारी बाटली सुमारे ३० अमेरिकी सेंटना. लोकांना बाटलीचे नाव माहीत होते, उपयोग माहीत होता, तरी नियमित वापरणारी घरे फार तर दहात एक. शिकवण कमी पडली, असे यावर कुणीही म्हणेल. पण तेच क्लोरीन फुकट करून झऱ्यापाशी टाकीत ठेवले, गावानेच निवडलेल्या एका स्वयंसेवकाकडे देखरेख दिली, तेव्हा प्रयोगातल्या निम्म्याहून जास्त घरांच्या पाण्यात क्लोरीन सापडू लागले. माणसे तीच होती आणि त्यांची समजही तीच. लेकराचे पोट उद्या बिघडेल की नाही हे आज कळत नाही. आज कळते ती खिशातली तूट आणि बाटली उघडून माप घेण्याचा व्याप. गरिबाला दोष देण्याआधी हे हिशेबात धरायलाच हवे.

एवढ्याने मुलांचे मरण टळते का, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे अधांतरी होता. जुलाब कमी होतात हे दिसत होते, पण मृत्यू मोजायला फार मोठी लोकसंख्या लागते आणि पाण्याचा एकेक प्रयोग त्यामानाने लहान. २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह नोबेल मिळालेल्या क्रेमर यांनी सहकाऱ्यांबरोबर वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांकडे जुन्या नोंदी मागितल्या. पहिल्या मांडणीत पंधरा प्रयोगांचे आकडे एकत्र आले. त्यातले बहुतेक मृत्यू मोजण्यासाठी आखलेलेच नव्हते. पाणी शुद्ध करून दिलेल्या ठिकाणी पाच वर्षांखालच्या मृत्यूंत सुमारे ३० टक्के घट दिसली. पुढे भर घालून सुधारलेल्या अभ्यासात ती २५ टक्क्यांच्या आसपास आली.

हा आकडा पाहून अनेक तज्ज्ञ बुचकळ्यात पडले. मुलांच्या एकूण मृत्यूंत नुसत्या जुलाबाचे मृत्यू इतके नसतात! पण हे कोडे जुने आहे. १८९३ साली अमेरिकेतल्या लॉरेन्समध्ये आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये नदीचे पाणी गाळून द्यायला सुरुवात झाली, तेव्हा लॉरेन्सच्या हायरम मिल्स आणि हॅम्बुर्गच्या राइन्के या दोघांनाही हेच आढळले: विषमज्वराने होणारे मृत्यू घटलेच, शिवाय इतर आजारांचे मृत्यूही घटले. वारंवार जुलाब होणारे मूल खंगते. अंगी लागत नाही, वजन भरत नाही. मग एखाद्या थंडीत न्यूमोनिया गाठतो आणि नोंदवहीत कारण न्यूमोनिया असे लिहिले जाते.

आता खर्च. टाकीची योजना चालवायला माणशी वर्षाला दीड डॉलरच्या आत-बाहेर लागतो. निरोगी आयुष्याचे एक वर्ष राखायला क्रेमर यांच्या पहिल्या हिशेबाने सुमारे ४० डॉलर पडतात. घट निम्मीच धरली तरी ८०. आरोग्यावरच्या खर्चात इतका स्वस्त सौदा फार थोड्या ठिकाणी मिळतो. लसीकरणाच्या पंगतीला बसवावे असे हे काम आहे. मर्यादा आहेतच. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते, क्रिप्टोस्पोरिडियमसारखा जंतू त्याला दाद देत नाही, आणि फ्लोराइड किंवा आर्सेनिकवर त्याचा काही उपयोग नाही.

ढाका आणि टोंगी इथे याच्याही पुढचे पाऊल पडले. वस्तीतल्या सामाईक नळांवर आपोआप क्लोरीन मिसळणारे यंत्र बसवले. कुणी काही फिरवायचे नाही, लक्षात ठेवायचे नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांमधले जुलाब २३ टक्क्यांनी घटले होते.

आपल्याकडे हे सगळे नवीन नाही. विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकलेली महाराष्ट्रातल्या खेड्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बादलीत पावडर कालवतो, चुन्याचा साका खाली बसू देतो आणि वरची निवळीच तेवढी टाकीत ओततो. मग ओटी चाचणी: नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, नाही आला तर नाही. पाणी किती सुरक्षित यावरून गावांना लाल, पिवळे, हिरवे कार्डही मिळते. पद्धत चोख आहे. चुकते ते रोजच्या रोज करण्यात. पावडर महिनोन्‌महिने उघड्या पोत्यात पडून राहिली की तिच्यातले क्लोरीन उडून जाते, आणि ती टाकल्याची नोंद मात्र वहीत राहते.

२०१९ पासून जलजीवन मिशनने घरोघर नळ नेले. हे पाणी जंतुमुक्त असेल तर देशात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे १ लाख ३६ हजार मुले वाचू शकतात, असा अंदाज क्रेमर आणि सहकाऱ्यांनीच मांडला आहे. त्या वाक्यातला 'असेल तर' पुन्हा वाचावा. नळ बसला म्हणजे ते 'तर' पुरे होत नाही. ते रोज सकाळी पुरे करावे लागते.

म्हणून एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत ओटी चाचणीची वही मागा, आणि सगळ्यांसमोर एकदा चाचणी करायला सांगा. टाकीजवळच्या नळाचे पाणी नको, वस्तीतल्या शेवटच्या घरातल्या नळाचे घ्या.