औषधाची चूक आणि रोग्याचे संरक्षण

रोग्याला चुकीचे औषध दिले गेले, की दोष प्रथम जातो तो ते देणाऱ्या परिचारिकेकडे. वस्तुतः तिचा हात हा एका लांब साखळीतील अखेरचा दुवा असतो. डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरामुळे एका औषधाच्या जागी तत्सम नावाचे दुसरे वाचले जाते. दशांशचिन्ह पुसट उमटले, तर अर्ध्या मिलिग्रॅमचे पाच मिलिग्रॅम होतात. तोंडी दिलेली सूचना पाळी बदलताना गळून पडते. कित्येकदा तर चूक रोग्याच्या खाटेपासून फार दूर घडलेली असते.

1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असेच झाले. मेंदूतील अथवा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी ग्लिसरॉल देण्यात येई. औषध नेहमीचेच होते. परंतु त्या साठ्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे रसायन होते. दोन्ही द्रव रंगहीन, दाट व गोडसर. नुसत्या डोळ्यांना फरक कळावा कसा? 14 रोगी दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयातील खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतचा सारा हलगर्जीपणा उघड केला. अमेरिकेत 1937 मध्ये याच रसायनाने शंभरावर बळी घेतले होते; तेव्हा धोका अज्ञात होता असे म्हणता येत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा आला. रोगी हा ‘ग्राहक’ होय की नाही, हा वाद मात्र सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 1995 रोजी मिटविला. शुल्क घेऊन केलेला उपचार ही ‘सेवा’ ठरली. जेथे काही रोगी पैसे भरतात, तेथील मोफत रोग्यालाही दाद मागता येते. सर्वांनाच विनामूल्य उपचार देणारी रुग्णालये तेवढी कायद्याबाहेर राहिली. ज्याला संरक्षणाची गरज सर्वाधिक, त्याच्याच वाट्याला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता यावा, हे खटकते.

2019 च्या कायद्याने अंतराची अडचण दूर केली. बंगळूरच्या खाजगी रुग्णालयात उपचार घेतलेल्या कोल्हापूरच्या रोग्याला आता आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. मात्र कागदपत्रे आधी हाती हवीत. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत ती द्यावी लागतात. मागताना केवळ घरी जातेवेळी मिळणाऱ्या सारांशावर समाधान मानू नये. कोणते औषध, किती, कोणत्या वेळी व कोणी दिले, हे नोंदविलेला तक्ताही मागावा.