संगणक नवा, पण जुनी छायाचित्रे कुठे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा पाठिंबा थांबवला आणि अनेक घरांत संगणक बदलण्याचा विषय निघाला. विंडोज ११ साठी आवश्यक असलेली टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा बऱ्याच जुन्या यंत्रांत नसते. तेथे नुसती प्रणाली बदलून भागत नाही, यंत्रच नवे घ्यावे लागते. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांनाही काही वर्षांनंतर नवी प्रणाली मिळेनाशी होते. नवा संगणक येतो, कागदपत्रे येतात, बँकेच्या कामाच्या फायली येतात. मग कोणीतरी दहा वर्षांपूर्वीच्या चतुर्थीची माटोळी किंवा वडीलधाऱ्यांचे शेवटचे छायाचित्र पाहायला मागते आणि पडद्यावर करड्या, रिकाम्या चौकटी उमटतात.

अशा वेळी सारे गेले असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात छायाचित्रे बहुधा डिस्कवर कुठेतरी शाबूत असतात. ती कायमची जातात ती त्यानंतरच्या धावपळीत. जुना संग्रह निकामी समजून पुसला जातो, किंवा जुना संगणक अदलाबदल योजनेत दुकानदाराच्या हवाली होतो. म्हणून बिघाड शोधण्याआधी एक पथ्य पाळणे आवश्यक आहे: सर्व छायाचित्रे नव्या यंत्रात उघडून पाहिल्याखेरीज जुन्या यंत्रातील काहीही पुसू नये. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेल्या फायली जाणकाराला अनेकदा परत मिळवता येत. आताच्या एसएसडीमध्ये पुसलेली जागा ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने लवकरच मोकळी केली जाते आणि ती आशा जवळजवळ उरत नाही.

छायाचित्रसंग्रह म्हणजे केवळ छायाचित्रांचा ढीग नव्हे, हे लक्षात घेतले की बिघाडाचे मूळ उमगते. गावातील वाचनालयात कपाटांतली पुस्तके असतात आणि ग्रंथपालाच्या टेबलावर नोंदवही असते. अमुक पुस्तक तिसऱ्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, हे नोंदवही सांगते. वाचनालय नव्या इमारतीत हलवताना पुस्तके पोहोचली पण नोंदवही मागे राहिली, किंवा नोंदवही आली पण कपाटांचे क्रमांक बदलले, तर पुस्तके असूनही सापडत नाहीत. संगणकातही छायाचित्रे ही नुसत्या फायली असतात. अल्बम, मथळे, चेहऱ्यांना दिलेली नावे, कातरून वा उजळून केलेले बदल हा सारा संसार नोंदवहीत असतो. स्थलांतर फसते ते बहुतेक वेळा या दोहोंमधला धागा तुटल्यामुळे.

मॅक संगणकावरील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अ‍ॅपलने एप्रिल २०१५ मध्ये आयफोटोच्या जागी फोटोज हे अ‍ॅप आणले. सवयीने अनेकांनी आयफोटोच चालू ठेवले. २०१९ च्या कॅटालिना प्रणालीवर मात्र ते चालेनासे झाले. त्यामुळे जुन्या यंत्रावरून थेट नव्यावर येणाऱ्याला दोन पायऱ्या एकदम चढाव्या लागतात: यंत्र बदलायचे आणि संग्रहाचे रूपांतरही करायचे. यातील सर्वांत साधी, तरीही सर्वांत घाबरवणारी चूक म्हणजे फोटोज भलताच संग्रह उघडते. नव्या यंत्रात त्याने स्वतःचा कोरा संग्रह आधीच तयार केलेला असतो आणि हलवून आणलेला खरा संग्रह पिक्चर्स फोल्डरमध्ये न उघडता पडून राहतो. ऑप्शन ही कळ दाबून ठेवून फोटोज उघडले की उपलब्ध संग्रहांची यादी समोर येते. कित्येकदा ‘हरवलेली’ छायाचित्रे एवढ्यानेच सापडतात.

रूपांतर अर्ध्यावर थांबले असेल तरी जुना संग्रह नाहीसा झालेला नसतो. दोन्ही संग्रह एकाच डिस्कवर असतील तर एक चमत्कारिक दृश्य दिसते. प्रत्येकाचा आकार ८० जीबी दाखवला जातो, पण डिस्कची जागा १६० जीबीने कमी होत नाही. कारण फोटोज येथे मूळ फायलींची दुसरी प्रत करत नाही, त्याच फायलींना दुसरे नाव जोडते. याला हार्ड लिंक म्हणतात. रूपांतर झालेल्या जुन्या संग्रहाच्या नावाचे शेपूट ‘मायग्रेटेडफोटोलायब्ररी’ असे होते. रूपांतर नव्याने करायचे असल्यास त्या संग्रहाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, प्रतीचे शेपूट ‘फोटोलायब्ररी’ असे पूर्ववत करावे आणि ती प्रत फोटोजमध्ये उघडावी.

लहान चित्रे दिसतात, पण त्यांवर क्लिक करताच धूसर प्रतिमा किंवा उद्गारचिन्ह उमटते, हे लक्षण वेगळे. येथे नोंदवही आली आहे, मूळ फायली आलेल्या नाहीत. खात्री करण्यासाठी साधे गणित पुरते. एक छायाचित्र सरासरी ३ एमबीचे धरले तर २०,००० छायाचित्रांना सुमारे ६० जीबी लागतात. संग्रहाचा आकार पाच-सहा जीबीच भरला तर त्यात मूळ चित्रे नाहीत, हे उघड आहे.

ती मग कुठे असतात? पहिली शक्यता आयक्लाउडची. डिस्कची जागा वाचवण्याचा पर्याय निवडलेला असेल तर संगणकात फक्त लहान प्रती राहतात आणि मूळ चित्रे अ‍ॅपलच्या साठवणीत असतात. फोटोजच्या सेटिंग्जमध्ये मूळ चित्रे या मॅकवर उतरवण्याचा पर्याय निवडावा आणि धीर धरावा. हजारो चित्रे उतरायला घरगुती इंटरनेटवर दिवसच्या दिवस लागू शकतात. हे बिघाडाचे लक्षण नव्हे, आणि मध्येच संग्रह पुसून पुन्हा सुरुवात केल्याने काही साधत नाही. दुसरी शक्यता अशी की चित्रे संग्रहात कधी नव्हतीच. छायाचित्रे घेताना ती संग्रहात उतरवून घेण्याची खूण काढलेली असेल तर फोटोज फक्त त्यांचा पत्ता लिहून ठेवते आणि फायली मूळ फोल्डरात किंवा बाहेरच्या डिस्कवर राहतात. नव्या यंत्रात तो पत्ता खोटा ठरतो. ते फोल्डर शोधून आणून पत्ते जुळवले की चित्रे उघडतात.

संग्रह पूर्ण आकाराचा आहे, तरीही उघडण्यास परवानगी नाही असा संदेश येतो, तेव्हा दोष मालकीचा असतो. नव्या संगणकातील खात्याचे नाव जुनेच ठेवले तरी प्रणालीच्या लेखी खाते नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखले जाते. तो क्रमांक जुळला नाही की आपलाच संग्रह परका ठरतो. बाहेरच्या डिस्कवर संग्रह असल्यास फाइंडरमधील माहिती-खिडकीत त्या डिस्कवरील मालकी दुर्लक्षित करण्याची खूण असते, तिने काम भागते. मात्र ती डिस्क अ‍ॅपलच्या एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड पद्धतीने सिद्ध केलेली असावी. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालावी म्हणून एक्सफॅट केलेल्या डिस्कवर संग्रह थेट चालवणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

हे सर्व तपासूनही संग्रह अडखळत असेल तर ऑप्शन आणि कमांड या दोन्ही कळा दाबून फोटोज उघडावे. संग्रह दुरुस्त करण्याचा पर्याय मिळतो. दुरुस्ती नोंदवहीची होते, नसलेली छायाचित्रे त्यातून निर्माण होत नाहीत. त्याआधी संग्रहाची प्रत काढून ठेवावी. अगदीच काही चालेना तर संग्रहाच्या चिन्हावर उजवे क्लिक करून त्याचा अंतर्भाग पाहता येतो. अलीकडच्या संग्रहांत ‘ओरिजिनल्स’ या फोल्डरात ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा कप्प्यांत मूळ चित्रे असतात. त्यांची नावे लांबलचक आणि अर्थहीन झालेली असतात, पण चित्रे खरी असतात. तेथून प्रत काढावी. आतील कोणतीही फाइल हलवू मात्र नये, अन्यथा उरलेला धागाही तुटतो.

विंडोजवर याच दुखण्याचे नाव बहुतेक घरांत पिकासा असे आहे. गुगलने मार्च २०१६ मध्ये या सॉफ्टवेअरचा पाठिंबा थांबवला, तरी जुन्या संगणकांवर ते इमानेइतबारे चालत राहिले. पिकासा छायाचित्रे स्वतःकडे घेत नसे, फोल्डरांवर नजर ठेवत असे. कातरणे, रंग सुधारणे असे बदल प्रत्येक फोल्डरातील ‘पिकासा डॉट आयएनआय’ नावाच्या लपलेल्या फायलीत लिहिले जात. ‘सेव्ह’ केल्याशिवाय ते चित्रात उतरत नसत. अल्बमांची जंत्री तर वापरकर्त्याच्या खात्यातील वेगळ्याच लपलेल्या फोल्डरात. साहजिकच फक्त चित्रे निवडून पेन ड्राइव्हवर उतरवणाऱ्याच्या हाती मूळ चित्रे लागतात आणि त्यावरची कित्येक वर्षांची मेहनत जुन्या यंत्रातच राहते. जुना संगणक अजून सुरू होत असेल तर त्यावरच पिकासा उघडून एकेक अल्बम ‘एक्स्पोर्ट’ करणे हा खात्रीचा मार्ग. त्यात केलेले बदल नव्या प्रतीत कायमचे उतरतात आणि अल्बमच्या नावाचे फोल्डर तयार होते. काम कंटाळवाणे आहे, पण पुन्हा करावे लागत नाही. जुना संगणक सुरूच होत नसेल आणि डिस्क चांगली असेल, तर ती काढून यूएसबी केसिंगमध्ये बसवता येते. लपलेल्या फायलींसह संपूर्ण फोल्डर उतरवून घ्यावे.

आयफोनवरून आलेली काही चित्रे विंडोजवर उघडत नाहीत, त्याला स्थलांतराचा दोष नसतो. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन एचईआयसी या प्रकारात चित्रे साठवतो. विंडोजला त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील पूरक सॉफ्टवेअर लागते.

तारखांचा गोंधळ मात्र अनेकांना छळतो. २००८ ची मुंज आणि २०१९ चे लग्न एकाच दिवशी, म्हणजे संगणक आणला त्या दिवशी, झाल्यासारखे दिसते. फायलीची ‘तयार झाल्याची’ तारीख प्रत काढताना बदलते. कॅमेऱ्याने टिपलेली तारीख चित्राच्या पोटातील एक्सिफ नोंदीत सुरक्षित असते आणि चांगले सॉफ्टवेअर तिच्यानुसारच क्रम लावते. अपवाद व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रांचा. पाठवताना त्यांतील एक्सिफ नोंद गळून पडते. अँड्रॉइड फोनवर साठलेल्या अशा फायलीच्या नावात आठ अंक असतात. २०१९०४१२ म्हणजे १२ एप्रिल २०१९. ती पोहोचल्याची तारीख असते, काढल्याची नव्हे. पण परगावच्या नातलगांनी पाठवलेल्या चित्रांचा काळ ठरवायला तेवढाच आधार उरतो.

सर्व जमले, आकडे जुळले, वेगवेगळ्या वर्षांची चित्रे पूर्ण आकारात उघडून पाहिली, की जुना संगणक मोकळा करण्याचा प्रश्न येतो आणि येथे शेवटचा खड्डा असतो. जुन्या मॅकवर आयक्लाउड फोटोज चालू असताना फोटोजमधून चित्रे पुसली तर ती फक्त त्या यंत्रातून जात नाहीत. आयक्लाउडमधून, फोनमधून आणि नव्या संगणकातूनही जातात, आणि अलीकडे पुसलेल्यांच्या अल्बममध्ये जेमतेम ३० दिवस थांबतात. वनड्राइव्हच्या फोल्डराचेही तसेच आहे. म्हणून चित्रे एकेक करून पुसण्याच्या भानगडीत न पडता आधी जुन्या यंत्रावर त्या खात्यातून बाहेर पडावे आणि त्यानंतरच संपूर्ण डिस्क साफ करावी.